समीकरणात न दिसणारी वाट

उसाची साखर पाण्यात विरघळवून त्यात थोडे आम्ल घातले की ती हळूहळू फुटू लागते. सुक्रोजचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि त्यातून ग्लुकोज व फ्रुक्टोजचा एकेक रेणू तयार होतो. कागदावर ही अभिक्रिया एका ओळीत मावते. डावीकडे साखर आणि पाणी, उजवीकडे दोन साध्या शर्करा. आम्लाचे नाव त्या ओळीत येत नाही, कारण ते खर्च होत नाही, जितके घातले तितके शेवटी शिल्लक राहते. आता ही ओळ समोर ठेवून कुणी विचारले की अभिक्रियेचा वेग कशाकशाच्या प्रमाणावर अवलंबून असेल, तर साखर आणि पाणी असेच उत्तर कुणीही देईल. प्रयोग वेगळे सांगतो. द्रावणात साखर जितकी अधिक तितका वेग अधिक, आम्ल जितके अधिक तितकाही वेग अधिक, आणि पाण्याचा मात्र मागमूस लागत नाही. समीकरणात असलेला एक पदार्थ वेगाच्या हिशेबातून गळाला आणि समीकरणात नसलेला एक पदार्थ त्यात येऊन बसला. अभिक्रियाकारकांची संहती वाढवली की वेग वाढतो, हे शाळेपासून ओळखीचे असलेले विधान या साध्या प्रयोगापुढे अपुरे पडते. कुणाची संहती, आणि ती दुप्पट केल्यावर वेग किती पट होतो, हे प्रश्न त्याने विचारलेलेच नसतात. खरे रसायनशास्त्र याच दोन प्रश्नांत आहे. कारण त्यांची उत्तरे समीकरणावरून मिळत नाहीत. रेणू ज्या वाटेने जातात त्या वाटेवरून ती ठरतात, आणि ती वाट डोळ्यांना दिसत नसल्यामुळे वेगाचा हिशेब हाच तिचा माग काढण्याचा पहिला उपाय ठरतो.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी, १८५० मध्ये, आणि तोही याच साखरेवर. त्यांच्या हाताशी ध्रुवणमापी होता. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते, आणि साखर फुटून तयार झालेले मिश्रण ती डावीकडे वळवते. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, त्यातला थेंबही न काढता, किती साखर उरली हे क्षणोक्षणी वाचता येत होते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रसातला 'पोल', म्हणजे साखरेचे प्रमाण, काढतात तोही याच तत्त्वावर. विल्हेल्मींना दिसले ते असे की ठरावीक वेळात फुटणारी साखर ही ठरावीक वजनाची नसते, त्या क्षणी उरलेल्या साखरेचा ठरावीक हिस्सा असते. समजा पहिल्या तासात निम्मी साखर फुटली, तर दुसऱ्या तासात उरलेल्यातली निम्मी, तिसऱ्यात त्यातलीही निम्मी. अभिक्रिया जसजशी पुढे जाते तसतशी ती मंदावते, कारण तिचे इंधनच विरळ होत जाते. वेग उरलेल्या साखरेच्या सम प्रमाणात असतो, हे त्यांनी गणिताच्या भाषेत मांडले. पुढे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी लक्ष वेधेपर्यंत त्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. रसायनशास्त्र तेव्हा काय तयार होते याच्या शोधात गुंतले होते. ते किती वेळात आणि कसे तयार होते, हा प्रश्न अजून त्याला आपला वाटत नव्हता.

साखरेच्या बाबतीत पाणी हिशेबातून गळून आम्ल त्यात का येते? रेणूंची अभिक्रिया व्हायची तर ते आधी एकमेकांजवळ यावे लागतात, पुरेशा ऊर्जेने आणि योग्य बाजूने आदळावे लागतात. दिलेल्या आकारमानात रेणूंची दाटी वाढली की गाठी पडण्याचे प्रमाण वाढते. इथपर्यंतचे स्पष्टीकरण बरोबर आहे. पण साखरेच्या फुटण्यात निर्णायक गाठ पडते ती साखरेची आणि आम्लातल्या हायड्रोजन आयनाची. हा आयन सुक्रोजच्या दोन भागांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला चिकटतो, तिथला बंध कमकुवत होतो आणि तुटतो. पाणी त्यानंतर येऊन जोडले जाते आणि आयन पुन्हा मोकळा होतो. म्हणून वेग साखर आणि आयन या दोघांवर ठरतो. पाणी न दिसण्याचे आणखी एक कारण आहे. एका लिटरमध्ये पाणी सुमारे ५५ मोल असते. लिटरमागे ३४ ग्रॅम साखर, म्हणजे ०.१ मोल, सगळी फुटली तरी पाण्यातला पाचशेवा हिस्साही खर्च होत नाही. ज्याचे प्रमाण बदलतच नाही त्याचा परिणाम मोजणार कसा? कारखान्याच्या दृष्टीने मात्र आयनाची बाजू फार महत्त्वाची आहे. ताज्या उसाच्या रसाचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ५ ते ५.५ असतो. हा रस तसाच तापवत नेला तर साखर फुटत जाते आणि तेवढी पोत्यात कमी भरते. रसात चुना घालून सामू ७ च्या आसपास आणण्याचे हे एक मोठे कारण आहे. सामू ५ वरून ७ वर गेला की हायड्रोजन आयनांची संहती शंभरपट घटते, आणि त्याच तापमानाला साखर फुटण्याचा हा मार्गही जवळपास त्याच प्रमाणात मंदावतो. गुऱ्हाळातही रसाला चुना लावतात.

वेगाचा हिशेब वाटेचा असतो, समीकरणाचा नसतो, या म्हणण्याला सर्वांत बळकट पुरावा याच साखरेने दिला. यीस्टमध्ये इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. तेही हेच काम करते, तीच साखर, तेच पाणी, तेच दोन पदार्थ. १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी ध्रुवणमापीनेच या विकराच्या कामाचा वेग मोजला. साखर विरळ असताना वेग तिच्या प्रमाणात वाढत होता, अगदी आम्लातल्यासारखा. पण साखर वाढवत नेली तशी वाढ थकत गेली, आणि पुरेशी दाट झाल्यावर आणखी साखर घालून वेगात जवळजवळ फरकच पडेना. समीकरणातले एक अक्षरही बदललेले नाही, तरी संहतीचा परिणाम पार वेगळा. याचा अर्थ त्यांनी असा लावला की साखरेचा रेणू आधी विकराला चिकटतो आणि मग तिथे फुटतो. विकराचे रेणू मोजकेच असल्यामुळे सगळे गुंतले की त्यापुढे साखरेच्या दाटीला किंमत उरत नाही. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी कितीही लांब गेली तरी तासाभरात किती जणांना पदस्पर्श मिळेल हे गाभाऱ्यातच ठरते, तसे हे आहे. रांग लहान असती तर येणाऱ्यांच्या संख्येवर दर्शने अवलंबून राहिली असती. रांग मोठी झाली की ती फक्त गाभाऱ्याच्या वेगाने सरकते.

विकरे ही सजीवांची खास सोय आहे, साध्या रसायनात असे घडत नसावे, अशी शंका कुणाला येईल. तिचे उत्तर अ‍ॅसिटोन आणि आयोडिन यांच्या अभिक्रियेत मिळते. आम्लयुक्त पाण्यात दोन्ही मिसळले की आयोडिनचा तपकिरी रंग फिका होत जातो. इथे आयोडिन काही पाण्यासारखे अमाप नसते, उलट तेच सर्वांत कमी घातलेले असते. तरीही रंग फिका होण्याची गती आयोडिनच्या प्रमाणावर अवलंबून नसते. तो एकाच चालीने उतरत जातो आणि आयोडिन संपले की एकदम नाहीसा होतो. वेग ठरतो अ‍ॅसिटोन आणि आम्ल यांच्यावर. आर्थर लॅपवर्थ यांनी १९०४ मध्ये ब्रोमीन वापरून हेच दाखवले, आणि आयोडिनच्या जागी ब्रोमीन घेतल्यानेही वेग बदलत नाही. यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. अ‍ॅसिटोनचा रेणू आधी आम्लाच्या मदतीने आपली रचना बदलतो, हे काम सावकाश होते, आणि तसा बदललेला रेणू समोर येताच आयोडिन असो वा ब्रोमीन, त्याला लगेच गाठते. कुठलेही सूक्ष्मदर्शक न वापरता, केवळ रंग आणि घड्याळ यांच्या आधाराने एका क्षणभंगुर मधल्या अवस्थेचा पत्ता लागला. मला यात मानवी बुद्धीचे एक मोठे यश दिसते.

वेग समीकरणावरून ठरत नाही या म्हणण्यावर एक भक्कम आक्षेप आहे. नॉर्वेचे काटो गुल्डबर्ग आणि पेटर वागे या दोघांनी १८६४ पासून मांडलेल्या वस्तुमान-क्रियेच्या नियमात समीकरणातले गुणांकच घातांक म्हणून येतात, आणि समतोलाच्या बाबतीत तो नियम अचूक ठरतो. मग वेगाला तो का लागू नये? याचे कारण समतोल आणि वेग यांच्या स्वभावात आहे. समतोलात वाटेतली प्रत्येक पायरी दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चाललेली असते, त्यामुळे सगळ्या पायऱ्यांचा हिशेब एकत्र केला की मधल्या अवस्था एकमेकींना छेदून जातात आणि हाती फक्त सुरुवात व शेवट उरतो. वेगाच्या हिशेबात ही छाटणी होत नाही, सर्वांत अडचणीची पायरी त्यात आपला ठसा ठेवते. अभिक्रिया खरोखरच एका टकरीत पूर्ण होत असेल तर गुणांक आणि घातांक जुळतील. पण ते जुळले म्हणजे अभिक्रिया एका टकरीत होते, असे उलट म्हणता येत नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया पाहा. समीकरणात नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक, आणि वेगही नायट्रिक ऑक्साइडच्या वर्गाच्या व ऑक्सिजनच्या सम प्रमाणात. जुळणी पूर्ण आहे. तरीही तीन रेणू एकाच क्षणी एकत्र येणे ही दुर्मिळ घटना, आणि शिवाय ही अभिक्रिया तापवल्यावर मंदावते, जे एका टकरीच्या कल्पनेत बसणे कठीण. दोन रेणू आधी सैलसर जोडी करतात, ती उष्णतेने सहज सुटते, आणि सुटण्याआधी तिसरा भेटला तरच काम होते, असे मानले की दोन्ही गोष्टी उलगडतात.

या वर्गाच्या नियमाचे परिणाम शहराच्या हवेत दिसतात. हवेत नायट्रिक ऑक्साइड हजारात एक भाग असेल तर त्यातला निम्मा काही मिनिटांत ऑक्सिजनशी संयोग पावून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तोच दशलक्षात एक भाग असेल तर तेवढ्याच कामाला दोन दिवसांहून अधिक वेळ लागतो, कारण रेणूंना आपल्यासारखा दुसरा भेटणेच अवघड होते. प्रयोगशाळेच्या बरणीत डोळ्यांदेखत होणारी अभिक्रिया मोकळ्या हवेत जवळजवळ थांबते. रस्त्यावरच्या धुराचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये जे झपाट्याने रूपांतर होते त्याचे मोठे श्रेय ओझोनला जाते, ऑक्सिजनला नाही. वेग संहतीच्या कोणत्या घातावर ठरतो हे माहीत नसते तर बरणीतले निरीक्षण हवेला लावून आपण चुकीच्या वायूवर लक्ष ठेवत बसलो असतो.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की किती पट हे वाटेवर ठरत असेल, पण संहती वाढल्याने वेग निदान घटू तरी नये. तोही टिकत नाही. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये दाखवले की यात कार्बन मोनॉक्साइड वाढवला की वेग कमी होतो. हा वायू धातूला घट्ट धरून बसतो आणि ऑक्सिजनला टेकायला जागाच ठेवत नाही. जो पदार्थ अभिक्रियेत भाग घेतो तोच तिची वाट अडवतो. मोटारीच्या धुराड्यातला उत्प्रेरक संच गाडी सुरू झाल्यावर पहिल्या काही क्षणांत नीट काम करत नाही, त्यामागे हेही एक कारण असते. धातू तापून हा वायू सुटू लागेपर्यंत जागा मोकळी होत नाही. लोखंडाचे उदाहरण तर प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. विरल नायट्रिक आम्ल लोखंडावर जोराने तुटून पडते, पण अतिसंहत नायट्रिक आम्लात लोखंड निष्क्रिय होऊन राहते, कारण त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर बसतो. संहत सल्फ्युरिक आम्ल पोलादी टँकरमधून नेता येते, विरल आम्ल तसे नेले तर टाकीच खाऊन टाकेल. इथे पाणी कमी झाल्याने आम्लाचा स्वभावच बदललेला असतो. म्हणजे संहती वाढवताना आपण तोच पदार्थ फक्त जास्त घेत आहोत, हे गृहीतसुद्धा दर वेळी तपासून पाहावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो या लेखाच्या मुख्य म्हणण्यालाच मर्यादा घालतो. वेगाच्या हिशेबावरून वाट कळते असे म्हटले, पण एकच हिशेब दोन वेगळ्या वाटांना लागू पडला तर? असे घडले आहे. माक्स बोडेनस्टाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हायड्रोजन आणि आयोडिनच्या वाफेवर प्रयोग केले. वेग दोघांच्या संहतींच्या गुणाकाराप्रमाणे आला. एक रेणू हायड्रोजनचा, एक आयोडिनचा, दोघांची टक्कर आणि काम पूर्ण, असे चित्र त्यावरून उभे राहिले आणि दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत आदर्श उदाहरण म्हणून छापले गेले. १९६७ मध्ये जॉन सलिव्हन यांनी प्रकाशाने आयोडिनचे रेणू फोडून, सुट्या अणूंचे प्रमाण हवे तसे बदलून पाहिले, आणि अभिक्रियेत हे सुटे अणू भाग घेतात असे दाखवले. आयोडिनच्या दोन अणूंच्या संहतींचा गुणाकार समतोलामुळे आयोडिनच्या रेणूंच्या संहतीशी बांधलेला असतो, म्हणून दोन्ही चित्रांत हिशेब सारखाच येत होता. यावरून असे म्हणावे लागते की वेगाचा नियम एखादी वाट चुकीची आहे हे ठामपणे सांगू शकतो, पण एखादी वाट खरी आहे हे एकट्याच्या बळावर सिद्ध करू शकत नाही. ही मर्यादा मान्य करूनही त्याची ताकद कमी लेखता येत नाही. आयोडिनच्या जागी ब्रोमीन घेऊन बोडेनस्टाइन आणि लिंड यांनी केलेल्या प्रयोगांत वेग ब्रोमीनच्या वर्गमुळावर अवलंबून निघाला, आणि तयार होणारा हायड्रोजन ब्रोमाइडच अभिक्रियेला मंद करत असल्याचे दिसले. अखंड रेणूंच्या टकरीतून वर्गमूळ येणे शक्य नाही. ख्रिश्चनसेन, हर्झफेल्ड आणि पोलान्यी या तिघांनी १९१९-२० च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याचा उलगडा केला. ब्रोमीनचे सुटे अणू एकामागून एक अभिक्रियांची साखळी चालवतात. कागदावर जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन अभिक्रिया वेगाच्या कसोटीवर एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या.

एवढा खोल विचार तज्ज्ञांपुरता आहे, सामान्य माणसाला त्याचे काय, असे म्हणता येणार नाही. रक्तातले मद्य यकृतातले विकर संपवते, आणि ते विकर अगदी थोड्या मद्यानेच पूर्ण गुंतून जाते. म्हणून रक्तातले मद्य साखरेसारखे दर तासाला निम्मे होत नाही, ते एका सरळ रेषेत उतरते. स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या घटीचा बारकाईने अभ्यास केला. हा वेग माणसागणिक बदलतो, पण साधारणपणे १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅम धरतात. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ९० मिलिग्रॅम पातळी असलेल्या माणसाला तिथे उतरायला जवळपास चार तास लागतील, आणि कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने त्यातले एक मिनिटही वाचणार नाही. अपस्मारावर दिले जाणारे फेनिटॉइन हे औषधही अशाच भरत आलेल्या विकराकडून निकामी होते. त्याचा डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी त्या मानाने कितीतरी जास्त चढू शकते. गोळी थोडी वाढवली तर परिणामही थोडाच वाढेल, हा अंदाज इथे धोक्याचा ठरतो, आणि म्हणूनच डॉक्टर या औषधाची रक्तातली पातळी तपासायला सांगतात.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून चंचुपात्राखालची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजण्याचा प्रयोग बहुतेक ठिकाणी होतो, पण तो थायोसल्फेट कमी-जास्त करून थांबतो. खिडक्या उघड्या ठेवून, एकूण आकारमान तेवढेच राखून, दुसऱ्या फेरीत थायोसल्फेट स्थिर ठेवावे आणि आम्ल दुप्पट, तिप्पट करून पाहू द्यावे. पहिल्या फेरीत वेगाचा आलेख जवळजवळ सरळ चढेल, दुसरीत आम्लाचा परिणाम त्या मानाने फारच थोडा दिसेल. असे का, हे मुलांनी स्वतः विचारीपर्यंत फळ्यावर समीकरण लिहू नये.